बिननावाची मूठ

इंदूअक्का पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांनी छपाईचा दर विचारला नाही, माझं गाव विचारलं.

अमळनेरला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. पुढाऱ्यांचे वाढदिवस, म्हाताऱ्यांच्या श्रद्धांजल्या आणि नव्या हॉटेलांची उद्घाटनं यांच्यावर आमचं पोट चालतं. गिऱ्हाईक येतं ते घोड्यावर बसूनच. अक्का मात्र सावकाश आल्या. पर्स काउंटरवर ठेवली, पदराने चष्मा पुसला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मूळचे कुठले तुम्ही?"

"इथलाच."

"मूळचं इथलं कोणी नसतं. त्याच्या आधी?"

"आजोबा धरणगावकडून आले म्हणतात."

"आणि आजी? तिचं माहेर?"

आजीला मी चांगली पाहिलेली, तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरी खाऊन वाढलेलो; पण ती कुठून आली हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. अक्कांनी मान हलवली. "गावभराची नावं छापता आणि आजीचं माहेर ठाऊक नाही. बरं, असू द्या. जोडू कधीतरी."

हे 'जोडू' काय प्रकरण आहे ते मला नंतर कळलं. अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. सगळी नोकरी धुळ्याच्या एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन आणि समोर बोर्ड लावून झाली. पुढे बोर्ड भंगारात गेला, अक्का निवृत्त होऊन अमळनेरला आमच्याच कॉलनीत राहायला आल्या, पण जिभेवरचा शब्द गेला नाही. दुसऱ्या कोणी 'हो', 'बघते', 'करते' म्हटलं असतं तिथं अक्का 'जोडते' म्हणायच्या. कामाला बाई हवी? जोडते. पोरीला स्थळ? जोडते. फोनवर बोलायच्या त्या उभ्याने आणि मोठ्याने, समोरचा माणूस अजून ट्रंक कॉलवरच असल्यासारख्या. सांगायचं ते सांगून झालं की निरोपबिरोप न घेता फोन बंद. सुरुवातीला मला वाटायचं, रागावल्या. मग लक्षात आलं की जन्मभर दुसऱ्यांची बोलणी वेळेत संपवण्याची सवय. स्वतःचं बोलणं लांबवायचं कसं, हे त्यांना येतच नव्हतं.

लग्न केलेलं नव्हतं. "सगळ्यांच्या लाइनी जोडता जोडता माझी राहून गेली," असं त्या हसत सांगायच्या. हा विनोद त्यांनी बऱ्याच जणांना ऐकवलेला असणार, कारण तो फार सफाईने यायचा. त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

त्या दिवशी त्यांना वंशावळ छापून हवी होती. असे लोक हल्ली अधूनमधून येतात. एखाद्याला जातीच्या दाखल्यासाठी खापरपणजोबा हवे असतात. दाखला मिळाला की खापरपणजोबा परत अडगळीत. कोणाची शेतीची वाटणी अडलेली असते. पुण्याहून माहेरपणाला आलेल्या एका बाईच्या मुलाला शाळेने 'फॅमिली ट्री' काढायला सांगितला होता आणि बाईला सासऱ्यांच्या वडिलांचं नाव काही केल्या आठवेना. वरणगावच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक गृहस्थ आले, त्यांच्या वडिलांना विसरण्याचा आजार झाला होता. वडील एकेक माणूस विसरत चालले होते आणि हे रोज त्यांच्याजवळ बसून उरलेली नावं काढून घेत होते. छापून झाल्यावर त्यांनी तो कागद इतका जपून गुंडाळला की मला माझ्या वडिलांना घरी जाऊन उगाचच 'चहा घेता का' विचारावंसं वाटलं.

ह्या सगळ्यांना मी न चुकता विचारतो, की तुम्हाला हे सुचलं कशावरून? दुकानदाराने विचारायची ही गोष्ट नव्हे, पण मला ती खोड आहे. माणूस निम्मं आयुष्य आजोबांच्या नावाशिवाय मजेत काढतो आणि एका सकाळी उठून पणजोबांच्या मागे लागतो, म्हणजे मध्ये काहीतरी झालेलं असतं. अक्कांनाही विचारलं.

"गव्हावरून," अक्का म्हणाल्या.

हे खानदेशाबाहेरच्यांना फोड करून सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डूल, साडी. गाणी होतात, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याचे रोट करतात. रोट म्हणजे पुऱ्या, सोबत खीर, आमटी, गंगाफळाची भाजी. पण त्यासाठी गहू काढायचे ते कसेही नाही. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, असे मोजून काढायचे. घरोघरची रीत थोडी वेगळी. काही घरांत बायकांचीही मूठ धरतात, काहींत हयात माणसांचीच. अक्कांच्या माहेरी, बोरी नदीच्या काठच्या त्यांच्या गावात, मूठ फक्त पुरुषांची. आणि एकदा नाव मुठीत आलं की ते निघत नाही, माणूस गेला तरी. पणजोबांपासून परवा जन्मलेल्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं गहू काढणारी बाई मोठ्याने घेते. त्या घरची वंशावळ अशी दर श्रावणात पाटीत पडायची. हे रोट खायचे भाऊबंदांनीच. परक्याला नाहीत आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाहीत, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. अक्का बिनलग्नाच्या, म्हणून त्यांना मिळायचे.

"मग तुमचीही मूठ धरत असतील," मी म्हणालो.

"मला खायला मिळतात. मोजायला मी नाही," अक्का म्हणाल्या, आणि पुढचं सांगू लागल्या.

त्यांच्या आई सगळी नावं घेऊन झाली की शेवटी, काही न बोलता, आणखी एक सव्वा मूठ पाटीत टाकायच्या आणि हात झटकायच्या. लहानपणी अक्कांना वाटायचं की ती देवीची. आई गेल्यावर हे काम यमुनावहिनींकडे, म्हणजे अक्कांच्या थोरल्या भावाच्या बायकोकडे आलं. त्यांनीही तसंच चालू ठेवलं. मग एका श्रावणात वहिनींची नवी सून शेजारी शिकायला बसली. शेवटची मूठ पडल्यावर तिने सरळ विचारलं, "आई, ही कोणाची?"

वहिनींचा हात पाटीवरच राहिला. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे. "सासूबाई टाकत होत्या म्हणून मी टाकते," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या सासूबाई टाकत, म्हणून त्या."

प्रश्न बायकांतच राहिला असता तर विरून गेला असता. पण तो ओट्यावर पोचला, आणि ओट्यावर आबा बसले होते. आबा म्हणजे अक्कांचे चुलतभाऊ, भाऊबंदांतले थोरले. आबांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. मूठ आहे म्हणजे पुरुष आहे. नाव नाही म्हणजे घर सोडून गेलेला पुरुष आहे. आणि घर सोडून गेलेला भाऊबंद म्हणजे उद्या त्याचा नातू सातबारा काढून दारात उभा.

"बंद करा ती मूठ," आबा म्हणाले. "नाव नही, गाव नही, आनि गहू कसाना? उद्या वावरमा हिस्सा मांगाले कोनी उना मंग?"

अक्का उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "मी नाव आनसू, आबा. येता श्रावणपावत. नाव सापडनं तं मूठ राही. कबूल?"

"कबूल," आबा म्हणाले, चारचौघांच्या देखत. "नही सापडनं तं बंद."

इतकी गोष्ट ऐकल्यावर मी जरा चेष्टेने म्हणालो, "अक्का, मूठभर गव्हापायी एवढा आटापिटा?"

अक्कांनी चेष्टा घेतली नाही. "दिलीप, माझ्या आजीने ते न सांगता टाकले आणि आईने न विचारता टाकले. कोणासाठी तरी आतडं तुटत असल्याशिवाय असं होतं का? तो माणूस कोण, हे कळायच्या आत त्याची मूठ माझ्या डोळ्यांदेखत बंद झाली तर मला ते सहन होणार नाही." मी जीभ चावली.

मग सुरू झाले फोन. अक्कांची पद्धत अशी की फोन कोणीही उचलो, त्या म्हणायच्या, "घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला द्या." पुरुषांशी त्या बोलायच्याच नाहीत. पुरुष बांधाचं आणि भांडणाचं सांगतात, कोण कुठे दिली, कोण कुठून आली हे बायकांना माहीत, असं त्यांचं म्हणणं. हल्ली अनोळखी फोनला लोक घाबरतात. एका पोराने "ओटीपी पाहिजे का?" म्हणून दरडावलं, तर अक्का शांतपणे म्हणाल्या, "ओटीपी नको बाळा, आजी दे." आजी मिळाली आणि तिच्याशी बोलणं इतकं रंगलं की शेवटी त्या पोरालाच फोन परत मागून घ्यावा लागला.

घरात एक कुजबुज पूर्वीपासून होती की आजोबांचा एक धाकटा भाऊ भांडून सुरतेच्या गिरणीत गेला आणि परतला नाही. अक्कांनी तीच लाइन धरली. फिरत फिरत धुळ्याच्या देवपुरातल्या एका गृहस्थांपर्यंत पोचल्या. आडनाव एक, आणि आजोबा सुरतेहून आलेले. माझ्याकडे गाडी आहे आणि सोमवारी दुकान बंद असतं, एवढ्या भांडवलावर अक्कांनी मला ड्रायव्हर केलं.

ते गृहस्थ, सगळे त्यांना नाना म्हणत, फाटकापाशी उभेच होते. मोठा बंगला, मुलं परदेशात, घरात एकटे. टेबलावर शेव, चिवडा, पेढे, फरसाण, बारशाला मांडावं तसं मांडून ठेवलेलं. अक्का विचारतील त्याला नाना 'हो' म्हणायचे. आजोबा रागीट होते? फार. डाव्या पायाने लंगडत? अगदी बरोबर. उजव्या हाताचं एक बोट तुटलेलं? "गिरणीतच तुटलं ना ते!" नाना म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. बोटाची गोष्ट त्यांनी आत्ताच मनाने रचली होती.

अक्कांनी चहा घेतला, दुसऱ्यांदा शेव घेतली, नानांचा आल्बम शेवटपर्यंत पाहिला. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "आपले नाहीत ते."

"मग तसं सांगितलं का नाही?"

"आपल्याला ते भाऊबंद नसतील. त्यांना आपण झालो ना."

त्यानंतर दर रविवारी त्या धुळ्याला फोन लावायच्या. तो एकच फोन मी त्यांना खुर्चीत बसून, पाय पसरून करताना पाहिला. शेवटी शेवटी त्यांचं आणि नानांचं त्या तुटक्या बोटावरून चक्क भांडण व्हायचं, कोणत्या हाताचं म्हणून.

पण नाव मिळत नव्हतं. होळी झाली, उन्हं तापली, गावाहून येणारे लोक आबांचा निरोप आणायचे, की अक्कांना म्हणावं श्रावण जवळ आला. अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, पण तोंडावरचं तेज उतरलं होतं. मूळ गाव विचारायचंही त्यांनी कमी केलं. एक दिवस त्या दुकानात येऊन नुसत्याच बसल्या, तेव्हा मला त्यांचं खरंच वाईट वाटलं.

अशात यावलहून उलटा फोन आला. तिथल्या एका केळीवाल्यांच्या घरात तुळसाआजी म्हणून फार म्हातारी बाई होती, माहेर अक्कांच्याच गावचं. फोनवर तिला ऐकू येत नव्हतं, पण गावाचं नाव ऐकल्यापासून तिने जेवणखाण सोडून 'तिले बलावा' एवढाच धोशा लावला होता. आम्ही तापी ओलांडून चोपड्यावरून यावलला गेलो.

केळीच्या बागेतच घर. तुळसाआजी बाजेवर बसलेली, कातडी सुरकुतलेली, डोळे मात्र टकटकीत. त्या भागाची बोली वेगळी. अक्कांच्या तोंडून आपल्या गावचं बोलणं ऐकल्याबरोबर तिने अक्कांचा हात धरला तो सोडलाच नाही. अक्कांनी सगळं सांगितलं. बिननावाची मूठ, सुरतेला गेलेला आजोबांचा भाऊ, आबांची अट. आजीने ऐकून घेतलं आणि बोळक्या तोंडाने हसायला लागली.

"तुम्ही माणूस धुंडी राह्यन्यात? अव्वो माय! ती मूठ पोरनी शे. सरूनी."

"कोन सरू?"

"तुन्हा बापनी बहीन."

अक्कांच्या वडिलांना बहीण होती हे अक्कांना सत्तरी गाठल्यावर, यावलच्या केळीच्या बागेत कळलं.

सरू म्हणजे अक्कांची आत्या. लहानपणीच लग्न होऊन गेली आणि थोड्याच दिवसांत विधवा होऊन परत आली. गावच्या बाजाराला सातपुड्याच्या पायथ्याकडचा एक माणूस डिंक आणि चारोळी घेऊन यायचा. एका बाजाराच्या दिवशी सरू त्याच्याबरोबर गेली. आजोबांनी विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, 'माझी पोर मेली' म्हणून सांगितलं, आणि तिचं नाव ह्या घरात निघता कामा नये असं बजावलं. नाव निघालं नाही. पुढच्या श्रावणात आजी गहू काढायला बसली तेव्हा शेजारची तुळसा जवळ होती.

"मी जोडेच बसेल व्हतू," तुळसाआजी सांगत होती. "बठ्ठासना नाव लिधा, आनि मंग एक मूठ मुकाट टाकी दिनी. मावशी माले म्हने, तुळसा, कोनले सांगू नको. मी नही सांगं. पुरुषसनी मूठमा पोरनी मूठ, तठे कोन देखस?"

मी बाजेच्या कडेला बसलो होतो तो उभाच राहिलो. आबा, अक्का, मी, सगळे इतके दिवस पुरुष शोधत होतो. मूठ पुरुषाचीच असते हे आम्हाला इतकं पक्कं ठाऊक होतं की दुसरं काही मनात यायला जागाच नव्हती. आणि आजीने हे ओळखूनच लेकीला तिथं लपवली होती.

परतताना अक्का म्हणाल्या, "राखीच्या दिवशी बाबा घरी थांबायचे नाहीत. सकाळीच वावरात जायचे. आम्ही म्हणायचो, बहीण नाही म्हणून त्यांना वाईट वाटतं." आणि त्या रडू लागल्या. मी गाडी कडेला घेतली. पाण्याची बाटली पुढे केली.

पुढचं जोडायला अक्कांना वेळ लागला नाही. तुळसाआजीने दिशा सांगितली होती. तिकडच्या आरोग्य केंद्राच्या एका आशाताईंचा नंबर मिळाला आणि त्यांनी घर शोधून दिलं. सरू जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक होती, गुलीबाई. आम्ही गेलो तेव्हा रस्ता संपून नुसती चाकोरी उरली होती आणि लोक पावसाची वाट बघत वावरं तयार करत होते. गुलीबाई अक्कांच्याच वयाची, काटक, अंगणात मोहाच्या टोळ्या, म्हणजे तेलाच्या बिया, फोडत बसली होती. आम्हाला पाहून तिला वाटलं, कसली तरी सरकारी पाहणी आली.

अक्कांनी आपण कोण ते सांगितलं. गुलीबाईला ते पहिल्यांदा खरंच वाटेना.

"मायला माहेर होतं?" ती म्हणाली. "आम्ही विचारायचो तर माय म्हणायची, मी नदीतून वाहत आली. आम्ही बारीक होतो, खरं धरून चाललो."

"होतं माहेर," अक्का म्हणाल्या. "तिच्या नावची मूठ पडायची. दर श्रावणात. एक वर्ष चुकलं नाही." आणि त्यांनी मुठीची सगळी हकिगत सांगितली.

गुलीबाई ऐकत राहिली. हातातली टोळी तिने खाली ठेवली. "मायला हे माहीत होतं?"

"नाही."

"कोणी सांगायला पाहिजे होतं तिला," गुलीबाई म्हणाली. रागाने नाही, साधंच म्हणाली. "ती बसायची इथं, खाली रस्त्याकडे तोंड करून. कोणी तरी सांगायला पाहिजे होतं."

सगळ्या जिल्ह्याच्या लाइनी जोडलेली ती बाई मान खाली घालून बसून राहिली. निघताना तिने गुलीबाईचे दोन्ही हात धरले. "श्रावणात ये. तुझ्या आईच्या माहेरी ये."

गुलीबाई आली. कानबाईच्या आदल्या दिवशी मीच तिला चोपड्याच्या बसमधून उतरवून घेतलं आणि गावी पोचवलं. गहू मोजायची वेळ झाली होती. आत पाटीपाशी यमुनावहिनी, सून आणि बायका. ओट्यावर आबा आणि भाऊबंद. अक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी नाव सांगितलं.

वावरात हिस्सा मागणारा नातू आबांनी वर्षभर डोळ्यांसमोर उभा केला होता. त्याच्या जागी ही आत्या निघाली. "पोरनी मूठ राहस का कधी?" ते म्हणाले. "आनि ती तं..." गुलीबाई समोर उभी होती. आबा थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "चूक व्हयनी. काढी टाका."

"तुम्ही म्हनेल व्हतात, नाव सापडनं तं मूठ राही."

"माणूसनं नाव, इंदू. रीत शे ती."

वर्षभर अक्कांनी ज्या नावासाठी जीव टाकला तेच नाव मिळाल्यावर मूठ बंद होणार होती. मला आबांचा संताप आला, पण मी परका, माझा काय संबंध.

तेवढ्यात आत गव्हाचा आवाज सुरू झाला. यमुनावहिनी आबांपुढे कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नसत, की त्यांच्या देखत मोठ्याने बोलत नसत. त्या बाहेर आल्या नाहीत. त्यांनी फक्त गहू काढायला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. पणजोबा, आजोबा, चुलते, नवरा. आबांचं नाव आलं. जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, नाव वहिनी एरवी जिभेवर येऊ देत नसत, ह्या एकाच कामात घेत. मुलं झाली, नातवंडं झाली. मग एक क्षण थांबून, ओट्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "सरूबाई."

गहू पाटीत पडले. पाटीत पडलेले गहू परत काढत नाहीत, हे आबांनाही ठाऊक होतं. ते जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितलं, आणि ते त्यांना गुलीबाईने नेऊन दिलं. त्यांनी घेतलं.

आत वहिनी अक्कांकडेच बघत होत्या, आणि त्यांचा हात पुन्हा गव्हात गेला होता. अक्कांनी पटकन आत जाऊन त्यांचं मनगट धरलं. "नको वहिनी. एका साली एकच भांडण."

"मंग पुढला साल?"

"पुढला साल देखसूत," अक्का म्हणाल्या.

पुढचा श्रावण अक्कांनी पाहिला नाही. कानबाईनंतर त्या गावीच राहिल्या, थंडीत छातीचं दुखणं निघालं आणि आठवड्याभरात आटोपलं. धुळ्याच्या नानांना मीच कळवलं. ते काही बोलले नाहीत, फोन मात्र ठेवेनात.

मी अक्कांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी. रोट झाले होते, भाऊबंदांची पंगत आत बसली होती. मी परका, म्हणून माझं ताट बाहेर ओसरीवर, पुरणपोळीचं. गुलीबाई लेकीची लेक, तीही रोटांना परकीच. तिचं ताट माझ्या शेजारी. ह्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, गुलीबाईलाही नाही. आत अक्कांचा पाट मांडलेला, रोट वाढलेले. अक्का दारापर्यंत आल्या, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि बाहेर येऊन गुलीबाईजवळ मांडी घालून बसल्या.

"अक्का, रोट थंड व्हतीन," वहिनींनी आतून हाक दिली.

"रोट उद्याही खाता येतात," अक्का म्हणाल्या. "मला पोळी आण." मग गुलीबाईकडे वळून म्हणाल्या, "हं. सांग आता. कशी होती ती?"

गुलीबाई आधी लाजली. मग सांगू लागली. आई कशी चालायची, कशावर चिडायची, ज्वारी राखताना पाखरांना काय काय शिव्या द्यायची. अक्का मध्येच एखादा प्रश्न विचारायच्या आणि पुन्हा कान टवकारायच्या. सुनेने पोळी आणून ठेवली, तूप वाढलं, दोनदा म्हणाली, 'आत्या, जेवा ना.' अक्कांनी तिच्याकडे न बघता हातानेच 'थांब' केलं. माझं जेवण झालं, हात धुतले, सांगून निघावं म्हणून मी थोडा वेळ पुढ्यात उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलंच नाही, तेव्हा मी चपला घातल्या आणि तसाच निघालो.